चरक इकडे, काहील तिकडे

मी फुली. रतिलालची धाकटी बहीण, भिलाची मोठी. नवरा गेला तशी एक पेटी घेऊन माहेरी आले आणि दोन वर्षांत माहेराचीच वाटणी झाली. त्या वाटणीत मी एका वाट्यात गेले आणि माझी पेटी दुसऱ्या वाट्यात. हसायचं असेल तर हसून घ्या, गावही हसलं होतं.

आमच्यात चाल अशी की वाटे थोरल्याने करायचे आणि आधी उचलायचं धाकट्याने. चाल चांगली आहे. थोरल्याने एक वाटा जड केला तर धाकटा तोच उचलणार, म्हणून थोरला झक मारत सारखं वाटतो. आजवर या चालीने कुणाचं वाटोळं झालेलं मी ऐकलं नव्हतं. पण ही चाल ज्यांनी पाडली त्यांनी एक धरून ठेवलं होतं, की माणसाला निदान स्वतःचं तरी भलं हवं असतं. आमच्या दादासारखा माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे नसणार.

गुजरात वेगळा व्हायच्या आदल्या सालची ही गोष्ट. प्रकाशा गावाच्या खालच्या अंगाला, तापीच्या काठी आमचं गाव. श्रावणात बाप गेला तेव्हा दादा नदीपलीकडे सासरवाडीला होता. तापी दोन्ही थड्या भरून चाललेली, नाव बंद. दोन दिवस आम्ही प्रेत ठेवलं. तिसऱ्या दिवशी घरात उभं राहवेना. इंद्रसिंग पाटील म्हणाले, आता थांबू नका. तेव्हा भिलाने डोकं-मिशी उतरवली आणि बापाला अग्नी दिला. दादा आला पाचव्या दिवशी. चितेच्या जागी बराच वेळ उभा राहिला. घरी येऊन पायसुद्धा धुतले नाहीत त्याने.

त्या दिवसापासून त्याच्या पोटात जे शिरलं ते शिरलं.

दिवाळी झाल्यावर त्याने वाटे करायला घेतले. दोन दिवस अंगणात एकटाच राबत होता, घामाने भिजला होता. तिसऱ्या दिवशी पंचांना बोलावलं. अंगणात दोन ढीग. जमीन मधोमध बांध घालून सारखी, त्यावरचा उभा ऊस सारखा, ते ठीक होतं. पण एका ढिगात ऊस गाळायचा लोखंडी चरक, दुसऱ्यात रस कढवायची काहील. एकीकडे विहिरीची मोट, दुसरीकडे मोटेचा नाडा. बैलजोडीतला एक या बाजूला बांधलेला, एक त्या बाजूला. घरातलं जातंसुद्धा त्याने उचकटलं होतं. वरचा दगड इकडे, खालचा तिकडे. आणि चरकाच्या ढिगाशी मला उभी केली होती, माझी पेटी काहिलीत ठेवली होती.

पाटील दोन्ही ढिगांकडे बघत राहिले. ते पंच होते, म्हातारे होते, दोन्ही भावांना त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलेलं.

"रतिलाल, हाई काय करं रे तू?"

"वाटा करात, पाटील."

"आरे पन चरक आठे न काहील तठे? ऊस कसा गाळशात?"

"मोठानी वाटा करवात, ल्हानानी उचलवा. चाल शे का नही?"

"चाल शे."

"मंग मोजी ल्या. कमी-जास्त व्हई ते सांगा."

पंचांनी मोजलं. तोळ्याचा फरक नव्हता. भिलाने दोन फेऱ्या मारल्या. काहील नवी होती, बापाने तीनच हंगामांपूर्वी आणलेली. चरक जुना, त्याच्या दातेरी चाकाचे दोन दात तुटलेले. अक्कल असलेल्या माणसाने काहील उचलली असती. भिलाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अक्का जठे शे तो वाटा मन्हा."

त्या चरकाचं ओझं तेव्हापासून माझ्या डोक्यावर आहे.

बापाने त्या साली सगळं वावर उसाखाली घातलेलं. घरात जुनी ज्वारी होती ती पौषापर्यंत पुरणार होती. दरसाल आमचा गूळ बैलगाडीतून मोलगीच्या बाजाराला जायचा आणि डोंगरातल्या लोकांकडून ज्वारी, भगर, तूर घेऊन गाडी परत यायची. गूळ झाला नाही तर चूल बंद, इतकं सोपं होतं. दादाचंही तेच. त्याला दोन पोरी. भिलाच्या बायकोच्या, दगूच्या अंगावर सहा महिन्यांचं लेकरू. ऊस दोन्हीकडे तयार, पानांच्या कडा सुकायला लागलेल्या.

मार्गशीर्षात भिला दादाच्या अंगणात गेला. मी मागोमाग. दादाने काहील पालथी घातली होती आणि तिच्यावर बसून नाडा वळत होता.

"दादा, पहिले तुन्हा ऊस गाळूत. सगळा. मन्हा मांगतून."

"मन्हा ऊसनी तुले काय पडेल शे?"

"उभा वाळी जाई ना रे तो."

"वाळू दे."

"तुन्ह्या पोरी काय खातीन?"

"मन्ह्या पोरीसनं मी देखसू."

भिला खाली बसला. त्याला वाटलं बसून बोललं की भाऊ नरमेल. "तुले काय जोयजे ते सांग. चरक जोयजे? चरक बी लई जाय. बांधावरना आंबा लई जाय. गूळ व्हई त्यातून तू देशी तितलाच मी लेसू."

मला वाटलं आता तरी. इतकं कोण देतं? दादाने नाड्याला पीळ दिला, दातांनी धागा तोडला.

"मले काहीच नको."

"काहीच नको मंग भांडस कसाले?"

"बापले अग्नी देवाना हक मन्हा व्हता. तो तू लिधा. तो परत दे. दी सकस? मंग जाय."

तो हक कुठून आणणार होता भिला? मी मधे पडले, म्हटलं दादा, नदीला पूर होता, प्रेत फुगलं होतं, तू असतास तर काय केलं असतंस? त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "तू चरकनी शे. आठे बोलू नको."

बाकीच्या गावात काहिली होत्या, पण हंगामात कुणाची काहील चुलाणावरून उतरते? ज्याचं त्याचं रात्रंदिवस चाललेलं. भिला सात गावं फिरला. पाटलांनी दोन वेळा दादाच्या नाकदुऱ्या काढल्या. दादा त्यांना पाट देई, पाणी देई आणि म्हणे, "मी कोणनं काय लिधं का, पाटील? मन्ही वस्तू शे, मन्हा घरमा शे." त्याने खरंच कुणाचं काही घेतलं नव्हतं. चोरी केली असती तर बरं झालं असतं, चोराला गाव धरू शकतं.

पौषात पाटील तिसऱ्यांदा गेले तेव्हा दादा एकदम म्हणाला, भिलाने गावादेखत पुन्हा मुंडन करावं. डोकं बी आणि मिशी बी. बापासाठी काढायचे ते केस माझे होते, भिलाचे नव्हते. आता माझ्यासमोर काढू दे, मग बघू.

पाटील आमच्या घरी आले. त्यांना सांगताना लाज वाटत होती. भिलाची मिशी श्रावणानंतर आत्ता कुठे पुन्हा भरली होती, तो तिला तेल लावायचा. दगू म्हणाली, नका करू. मी म्हटलं, कर. आज तुम्हाला खोटं कशाला सांगू, मीच म्हटलं. केसच तर आहेत, येतील. लेकराकडे बघ.

सकाळी भिला दादाच्या अंगणात जाऊन बसला. न्हाव्याने वस्तरा चालवला. बाप मरून पाच महिने झाले, घरात सुतक नाही, आणि धडधाकट माणसाचं मुंडन चाललंय. बघायला अख्खं गाव. बायका तोंडाला पदर लावून उभ्या होत्या आणि त्यांच्यातल्या काही रडत नव्हत्या, हसत होत्या. थंडीने भिलाच्या टाळूवर काटा आला. मिशी काढताना वस्तरा ओठाला लागला. भिलाने रक्त पुसलं नाही.

दादा त्याच्याभोवती एक फेरी मारून आला. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, कुठे खुंट राहिलाय का बघावं तसा. म्हणाला, "बठ."

भिला बसला. दादा गोठ्यात गेला, मोऱ्याला, आपल्या बैलाला चारा घातला, त्याचं अंग घासलं, शिंगांना तेल लावलं. त्या बैलावर त्याचा जीव होता, पोरींपेक्षा जास्त. ऊन डोक्यावर आलं. भिलाची टाळू लाल झाली होती. लोक कंटाळून निघून गेले. मग दादाने काहील पालथी केली, तिच्यावर बसला आणि शोभाबाईला, बायकोला, म्हणाला भाकर आण. दोन घास खाल्ल्यावर भिलाकडे पाहिलं.

"केस ते पुन्हा येतीन. मन्हा बाप येई का? जाय घर."

भिला उठला. इतका वेळ मांडी घालून बसल्याने पाय बधिर झाले होते, तो दोनदा अडखळला. दादाच्या पोरी खिदळल्या, लहान होत्या त्या. घरी आल्यावर भिलाने डोक्याला फडकं गुंडाळलं आणि दोन महिने ते झोपतानाही काढलं नाही.

एकच गोष्ट त्या हिवाळ्यात शहाणपणाची झाली आणि ती आम्ही बायकांनी केली. जात्याचा वरचा दगड आमच्याकडे, खालचा शोभाबाईकडे. शेजारी दळायला जाऊन जाऊन तोंड दाखवायला जागा नव्हती. एके दुपारी दादा वावरात असताना शोभाबाई परसातून आली आणि हळूच म्हणाली, "अक्का, दगड लई ये." मी आणि दगूने वरचा दगड गोणपाटात घातला, काठीला बांधून खांद्यावर घेतला आणि मागल्या दाराने नेला. तिघी दळायला बसलो. दोघींचे हात एका खुंट्यावर, तिसरी पीठ भरायला. त्यांची ज्वारी, आमची ज्वारी, एकाच जात्यात. कितीतरी दिवसांनी मी ओवी म्हटली. शोभाबाई हसली आणि हसता हसता तिने बाही वर केली, मनगटापासून कोपरापर्यंत नाड्याचे वळ होते. "मी बी सांगं त्याले, काहील दे म्हनीसन," इतकंच बोलली.

अशा सात-आठ दुपारी गेल्या. शोभाबाई मला माझी पेटीही उघडून दाखवायची, सगळं जागच्या जागी होतं.

मग दादाला जात्याच्या कडेला पीठ दिसलं. त्याने कुणाला मारलं नाही. पहार घेतली आणि आपल्या घरातला खालचा दगड, स्वतःच्या वाट्याचा, फोडला. तीन घाव लागले. तुकडे बाहेर रस्त्यावर टाकले, आमच्या दारासमोर नव्हे, स्वतःच्या दारासमोर. त्या दिवसापासून शोभाबाई पाट्यावर ज्वारी रगडायची. तळहात सोलून निघाले तिचे.

माघ संपता संपता दगूचं दूध आटलं. आम्ही एक वेळ खात होतो, तीही नागलीची पेज. भिला आणि मी थोडा ऊस चरकाला लावून पाहिला, एका बैलाने आणि आमच्या दोघांच्या खांद्यांनी. रस निघाला. पण हंड्या-पातेल्यात कढवलेला रस तळाला करपतो. काळी कडू चिक्की झाली, लेकराने चाटून थुंकली.

तेवढ्यात प्रकाशाहून निरोप आला. तिथल्या मोतीलालचं गुऱ्हाळ आठ दिवसांत आटोपणार होतं, तो काहील देणार होता. आठ दिवस. ऊस अर्धा वाळला होता पण अर्ध्यात रस होता. भिलाने चुलाण सारवलं, चरकाला तेल घातलं, चिपाडं गोळा केली. इतक्या दिवसांनी तो गुणगुणताना मी ऐकला. आणि जित्याची खोड बघा, संध्याकाळी बांधावरून दादाला हाक मारून म्हणाला, "दादा, काहील येस. तुन्हा ऊस बी गाळी देस."

दादा मोऱ्याला बांधावरच्या बाभळीला बांधून वावर न्याहाळत उभा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने आपल्या उसाला काडी लावली. आमच्या नव्हे, आपल्या. बांधाच्या पलीकडून मी ओरडले, "दादा, हाई काय करस?" तो म्हणाला, "मन्हा ऊस शे, पेटाडस." वारा पश्चिमेचा होता आणि आमचं वावर पूर्वेला. हे त्याला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये, बावीस वर्षं तो त्या वावरात राबला होता. वाळलेल्या पाचटाने पेट घेतला आणि दोन माणसं उंच ज्वाळा बांध ओलांडून आमच्यात आली. फटाफट पेरं फुटत होती. भिला हातात ओली फांदी घेऊन धावला, पण जवळ जाववेना.

मग मोऱ्या हंबरला. बांधावर, बाभळीला बांधलेला, आगीच्या ऐन मधे. दादा बैलाला विसरला होता. मी त्याला पाहिलं, तो वळला आणि थेट आत शिरला. दावं सुटेना म्हणून दातांनी ओढत होता. बैल सुटला, पाठीवरचं कातडं जळलेलं, आम्हाला तुडवत नदीकडे पळाला. दादा बाहेर आला नाही. वारा पडल्यावर त्याला भिलानेच उचलून आणला.

तो एक रात्र होता. तोंड आतून भाजलेलं, बोलता येत नव्हतं. भिला दारात उभा राहिला, आत गेला नाही. पहाटे दादा गेला.

जळका ऊस मरत नाही लगेच. हे उसवाल्यांना माहीत असतं. चार दिवसांत गाळला तर गूळ होतो, काळा होतो पण होतो, मोलगीला खपतो. पुढे तो आंबतो आणि मग गुरंही तोंड लावत नाहीत. मोतीलालची काहील यायला अजून सहा दिवस होते. पाटील हिशेब करून सकाळीच आमच्या दारात आले आणि त्यांच्यामागून शोभाबाई. केस मोकळे, डोळे कोरडे. तिच्या मागे चार माणसं काहील गडगडत आणत होती. मागाहून एकाच्या डोक्यावर माझी पेटी.

काहील आमच्या अंगणात चरकाशेजारी ठेवली. वाटणीपासून पहिल्यांदा दोन्ही एका जागी आली.

"भिलाभाऊ," शोभाबाई म्हणाली, "मले पोऱ्या नही. अग्नी तुम्हीच देवानी. काहील उनी. तुमना ऊस, मन्हा ऊस, दोन्ही गाळी ल्या."

न्हावी आलाच होता. ओट्याच्या कडेला बसून त्याने धोकटी सोडली, वाटीत पाणी घेतलं. अग्नी देणाऱ्याचं मुंडन आधी.

भिलाने डोक्याचं फडकं सोडलं. दोन बोटं केस आले होते, मिशीची नुकती रेघ. न्हावी जवळ सरकला तसे भिलाने दोन्ही तळहात डोक्यावर घट्ट धरले.

"केस देवाव नही."

पाटलांना वाटलं दुःखाने बोलतोय. "भिला, प्रेत पडेल शे रे."

"पडू दे."

"ऊस चार दिनमा आंबी जाई."

"आंबू दे."

मी त्याच्या पाया पडले. मोठी बहीण असून पडले. म्हटलं, दगूच्या अंगावर दूध नाही, शोभाबाईच्या पोरी दोन दिवस उपाशी आहेत, दादा मेलाय रे, त्याला आता काही कळत नाही, तुझंच भलं आहे यात. त्याने पाय मागे घेतले. उठून चरकाकडे गेला, बैल जुंपायचं आडवं लाकूड खीळ काढून ओढून काढलं आणि घरात नेऊन उशाशी ठेवलं. त्यावाचून चरक फिरत नाही.

"मी कोणनं काय लिधं का?" तो पाटलांना म्हणाला. "मन्ही वस्तू शे."

शोभाबाई मटकन खाली बसली. दगूने लेकरू माझ्या मांडीत टाकलं आणि नवऱ्यासमोर उभी राहून त्याला नको नको ते बोलली, आयुष्यात पहिल्यांदा. भिलाने ऐकून घेतलं. मी न्हाव्याला म्हटलं, माझे काढ. विधवेच्या केसांना काय किंमत आहे, मी देते अग्नी. न्हाव्याने धोकटी आवरली. पाटील म्हणाले, "बाईनी जात घाटवर जास का, फुली?"

ऊन चढत गेलं. दादाच्या घरातून वास यायला लागला, श्रावणात बापाचा आला होता तसा. तेव्हा नदी आडवी होती. शेवटी दुपार कलल्यावर इंद्रसिंग पाटलांनी स्वतःचं पांढरं डोकं न्हाव्यापुढे वाकवलं. आमच्या जातीचे नव्हेत, गोताचे नव्हेत. रतिलालला अग्नी त्यांनी दिला. भिला ओट्यावर बसून घाटाकडून येणारा धूर बघत होता, मिशीच्या रेघेवरून बोट फिरवत.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी रात्री मी आणि दगूने त्याच्या उशाचं लाकूड काढायला पाहिलं, त्याने झोपेतच मनगट धरलं माझं, हाड मोडेल इतकं. चौथ्या दिवशी वावराकडून ताकासारखा आंबट वास आला. शोभाबाई पोरींना घेऊन नदीपलीकडे माहेरी गेली. काहील न्यायची राहिली, किंवा तिने मुद्दाम ठेवली.

पाचव्या दिवशी सकाळी भिलाने काहील पालथी केली. तिच्यावर बसला, मांडी नीट घातली आणि दगूला म्हणाला, "भाकर लई ये."

घरात मूठभर पीठ नव्हतं, ते त्यालाही माहीत होतं. दगू लेकराला घेऊन चुलीपाशी बसून राहिली आणि तो तिथेच बसला, भाकरीची वाट बघत.